कालमुद्रा आणि नोटरीचा शिक्का : बौद्धिक संपदेच्या पुराव्याचे जुने व नवे मार्ग

अचलपूर शहराच्या नैर्ऋत्येस काही किलोमीटर अंतरावर चम्मक नावाचे गाव आहे. १८६८ च्या सुमारास येथे शेत नांगरीत असताना तांब्याचे सात पत्रे सापडले. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने इसवी सनाच्या पाचव्या शतकात दिलेले ते दानपत्र होते. भोजकट राज्यातील, मधुनदीच्या काठी वसलेले चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याचे त्यात नमूद आहे. राजमापाने आठ हजार भूमी हे क्षेत्र, कारकिर्दीचे अठरावे वर्ष, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी हा दिवस, सेनापती चित्रवर्मा याचे नाव आणि दान घेणाऱ्यांनी पाळावयाच्या अटी असा सर्व तपशील त्यात कोरलेला आहे. हे पत्रे कडीत ओवलेले असून त्यांस राजमुद्रा जोडलेली होती.

कोणत्याही भरवशाच्या दस्तऐवजाने चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. मजकूर कोणता? तो कोणाचा? तो केव्हाचा? आणि त्यात मागाहून फेरफार झालेला नाही, हे कशावरून? चम्मकच्या ताम्रपटाने पंधराशे वर्षांपूर्वी या चारही प्रश्नांची सोय केली होती. दानपत्र वस्त्रावर वा ताम्रपटावर लिहून त्यावर राजाची मुद्रा, हस्ताक्षर व काल असावा, असे याज्ञवल्क्य स्मृतीतही सांगितले आहे. तरीही बनावट ताम्रपट तयार झाले व इतिहाससंशोधकांना ते पारखून बाजूला काढावे लागले. पुराव्याचे साधन बदलत गेले. प्रश्न मात्र तेच राहिले.

आज हे प्रश्न जमिनीइतकेच बुद्धीच्या निर्मितीबाबतही उपस्थित होतात. शिक्षकाने तयार केलेला शब्दसंग्रह, कारागिराने काढलेला नमुना, शेतकऱ्याने निवडलेले वाण, युवकाने लिहिलेली संगणक आज्ञावली ही सर्व बौद्धिक संपदा होय. ती आपली आहे व अमुक दिवशी आपल्यापाशी होती, हे सिद्ध करण्यासाठी आजवर नोटरीकडे धाव घेतली जात असे. आता ‘ब्लॉकचेन’ या संगणकीय साखळीवर कालमुद्रा उमटविण्याचा मार्ग सुचविला जातो. या दोहोंपैकी कोणता मार्ग काय सिद्ध करतो व कोठे अपुरा पडतो, हे समजून घेणे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना उपयुक्त ठरेल.

नोंद नसल्याचे मोल

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या. त्या वेगळ्या राखून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी बारीक दाण्याचे एक वाण सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्यास ‘एचएमटी’ हे नाव मिळाले. हे वाण विदर्भाबाहेरही पसरले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने १९९४ मध्ये त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये त्यातून शुद्ध केलेले वाण ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने प्रसारित झाले. मूळ संशोधकाच्या श्रेयाचा प्रश्न त्यानंतर दीर्घकाळ चर्चेत राहिला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार २००५ मध्ये त्यांना लाभला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या वेळी शेतकऱ्याच्या वाणाची नोंद घेणारा कायदाच देशात नव्हता. ‘वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम’ २००१ मध्ये झाला. त्याअन्वये शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावे नोंदविता येते व त्यासाठी त्यास शुल्क पडत नाही. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ज्याच्या हाती तारखेचा कागद नाही, त्याला श्रेयासाठी इतरांच्या साक्षीवर विसंबून राहावे लागते, ही पहिली. केवळ तारखेचा कागद असून भागत नाही, त्यामागे हक्क देणारा कायदाही असावा लागतो, ही दुसरी.

नोटरी काय प्रमाणित करतो?

‘नोटरी अधिनियम, १९५२’ अन्वये केंद्र किंवा राज्य शासन नोटरीची नेमणूक करते. सामान्यतः किमान दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीस ही नेमणूक मिळते. दस्तऐवजावर स्वाक्षरी झाल्याचे प्रमाणित करणे, शपथ देणे, प्रतिज्ञापत्र घेणे, भाषांतर प्रमाणित करणे ही त्याची कामे होत. आपण केलेल्या प्रत्येक कामाची नोंद त्याला नोंदवहीत ठेवावी लागते.

या पद्धतीचे बळ माणसात आहे. समोर आलेली व्यक्ती कोण, हे नोटरी ओळखपत्र पाहून ठरवितो. पुढे वाद उद्भवल्यास त्याला न्यायालयात साक्षीस बोलाविता येते, नोंदवही मागविता येते, उलटतपासणी घेता येते. खोटे काम केल्यास त्याचे नाव नोंदपटावरून काढले जाऊ शकते.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. नोटरीचा शिक्का स्वाक्षरीस असतो, मजकुराच्या सत्यतेस नव्हे. ‘ही कादंबरी मी लिहिली’ या प्रतिज्ञापत्रावर शिक्का असला, तर अमुक इसमाने अमुक दिवशी तसे शपथेवर सांगितले एवढेच त्यातून कळते. कादंबरी खरोखरच त्याची आहे किंवा कसे, हे नोटरी तपासत नाही. शिवाय नोंदवहीत नोंद राहते ती दस्तऐवजाची. तीनशे पानांच्या हस्तलिखितातील मधली चार पाने नंतर बदलली गेली, तर ते नोंदवहीवरून उमगत नाही. नोंदवही एकच असते, आणि कागदाला आग, पाणी व वाळवी यांचे भय असते.

याच हेतूने काही लेखक पूर्वी आपल्या हस्तलिखिताची प्रत स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवीत व पाकीट न फोडता जपून ठेवीत. परंतु रिकामे पाकीट उघडे धाडून त्यात पुढे कागद घालता येतात, हा आक्षेप घेतला गेल्यास त्याला उत्तर नसे. फ्रान्समध्ये यासाठी ‘सोलो लिफाफा’ नावाची अधिकृत पद्धती विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली; तीत एक प्रत शासकीय कार्यालयात राही व दुसरी निर्मात्याकडे परत येई. आपल्याकडेही ‘नोंदणी अधिनियम, १९०८’ प्रमाणे मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात निबंधकाकडे ठेवता येते. मजकूर गुप्त राहावा आणि तरीही त्याची तारीख निश्चित व्हावी, ही गरज अशा प्रकारे जुनीच आहे.

साखळीची युक्ती

ब्लॉकचेन समजण्यासाठी प्रथम ‘हॅश’ म्हणजे काय, हे पाहू. कोणत्याही संगणकीय फाइलवर एक ठराविक गणिती क्रिया केली असता अंक व अक्षरांची एक ओळ मिळते. ‘एसएचए-२५६’ या प्रचलित पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइल दोन पानांची असो वा दोन हजार पानांची, ओळीची लांबी तीच. फाइलमधील एक अनुस्वार जरी बदलला तरी संपूर्ण ओळ बदलते. आणि ओळीवरून मूळ मजकूर मात्र काढता येत नाही. हा त्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसाच होय.

आता साखळीकडे वळू. मोडी लिपीतील लांब पत्रे कागदाच्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून लिहीत. त्या सांध्यांवर पाठीमागून शिक्का उठवीत, म्हणजे मधली पट्टी काढून दुसरी घातल्यास शिक्का जुळत नसे. मजकुराच्या अखेरीस मोर्तब करीत, म्हणजे खाली नवी ओळ घुसडता येत नसे. ब्लॉकचेनमध्ये हेच तत्त्व गणिताने साधले आहे. नोंदींचा एक गट पुरा झाला की त्याचा हॅश पुढील गटात लिहिला जातो, त्याचा त्यापुढील गटात. मागील एक नोंद बदलावयाची तर पुढील सर्व गट नव्याने घडवावे लागतात. अशा साखळीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असल्यामुळे एकाच ठिकाणी केलेली लबाडी लगेच उघडकीस येते.

ही कल्पना स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकेतील दोघा संशोधकांनी १९९१ मध्ये मांडली. पुढे त्यांच्या संस्थेने १९९५ पासून आपल्या नोंदींचा एकत्रित हॅश ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्यास छापण्यास आरंभ केला. ग्रंथालयांत व घरोघरी पडलेले वृत्तपत्राचे अंक कोणालाही बदलता येत नाहीत, हा त्यामागील विचार होता. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने वृत्तपत्राची जागा संगणकांच्या जाळ्याला दिली. तेथे सरासरी दर दहा मिनिटांस नवा गट जोडला जातो. आपल्या फाइलचा हॅश अशा गटात गेला, की ती फाइल त्या वेळेपूर्वी अस्तित्वात होती, हे पुढे केव्हाही पडताळून पाहता येते. मूळ मजकूर कोणासही दाखवावा लागत नाही. गटावरील वेळेत एकदोन तासांची सैलता असू शकते; पण दिवस ठरविण्यास ती बाधक ठरत नाही.

साखळी कोठे मुकी राहते?

कालमुद्रा ‘काय’ आणि ‘केव्हा’ या दोन प्रश्नांची उत्तरे नोटरीपेक्षा अधिक चोखपणे देते. ‘कोणाचे’ या प्रश्नावर ती मौन पाळते. दुसऱ्याची कविता उतरवून तिचा हॅश साखळीत घालण्यास कोणताही अटकाव नाही. एखादा मनुष्य परस्परविरोधी दहा भाकितांवर कालमुद्रा घेऊन नंतर खरे ठरलेले तेवढेच पुढे करू शकतो. साखळी खोटे बोलत नाही; परंतु तिला जे सांगितले नाही, ते तिला ठाऊकही नसते.

दुसरी अडचण वस्तूंची. धानाच्या दाण्याचा हॅश काढता येत नाही. काढता येतो तो त्याच्या वर्णनाचा वा छायाचित्राचा. वर्णन आणि बी यांची सांगड शेवटी माणसांच्या साक्षीने व शास्त्रीय परीक्षणानेच घालावी लागते.

तिसरी अडचण मराठी मजकुराच्या बाबतीत विशेष जाणवते. जुन्या अक्षरजुळणी प्रणालीतील फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित केली, तर वाचताना मजकूर तोच दिसतो, परंतु हॅश सर्वस्वी निराळा येतो. एकच पान दोनदा स्कॅन केले तरी दोन वेगळे हॅश मिळतात. ज्या फाइलवर कालमुद्रा घेतली, तीच फाइल जशीच्या तशी जपली नाही, तर कालमुद्रा व्यर्थ होय.

चौथी गोष्ट काळाची. हॅशच्या पद्धतीही जुन्या होतात. ‘एमडी-५’ ही पद्धती २००४ मध्ये व ‘एसएचए-१’ ही २०१७ मध्ये संशोधकांनी भेदून दाखविली. सेवा देणाऱ्या संस्थाही कायम नसतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने मे २०२० मध्ये सुरू केलेली ‘वायपो प्रूफ’ ही कालमुद्रेची सेवा २०२२ च्या आरंभी बंद झाली. तेव्हा पुरावा कोणा एका सेवेच्या हवाली करून निर्धास्त राहणे इष्ट नव्हे.

न्यायालयाची कसोटी

संगणकीय पुराव्याबाबतचा एक महत्त्वाचा निर्णय मराठवाड्यातील प्रकरणातून घडला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला होता काय, असा वाद उद्भवला व व्हिडिओ चित्रण पुराव्यादाखल पुढे आले. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला की, मूळ साधन हजर न करता त्यातील नोंदीची प्रत द्यावयाची असल्यास कायद्याने विहित केलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. नोंद कितीही अचूक असली तरी तिच्यासाठी उत्तरदायी असणारे कोणी तरी हवे, हा त्यातील बोध होय.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या ‘भारतीय साक्ष अधिनियम, २०२३’ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुनाच दिलेला आहे. त्याचे दोन भाग असून एक पक्षकाराने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो, आणि त्यात संगणकीय नोंदीचा हॅश व तो काढण्याची पद्धती नमूद करावी लागते. हॅश ही संकल्पना अशा रीतीने आपल्या साक्षीच्या कायद्यात रुजली आहे. ब्लॉकचेनवरील कालमुद्रेला मात्र स्वतंत्र वैधानिक दर्जा मिळालेला नाही. इतर संगणकीय पुराव्यांप्रमाणेच ती सिद्ध करावी लागते. चीनमध्ये हांगझो येथील इंटरनेट न्यायालयाने जून २०१८ मध्ये कॉपीराइटच्या एका दाव्यात ब्लॉकचेनवरील नोंद पुरावा म्हणून स्वीकारली होती.

तारीख म्हणजे हक्क नव्हे

‘ब्लॉकचेनवर कॉपीराइट मिळवून देतो’ अशी जाहिरात कोणी करीत असल्यास ती दिशाभूल समजावी. कॉपीराइट निर्मितीबरोबरच आपोआप जन्मास येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये संजय सोया कंपनीच्या दाव्यात स्पष्ट केले. तरीही ‘कॉपीराइट अधिनियम, १९५७’ प्रमाणे नोंदपटातील नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, म्हणून नोंदणी हिताची ठरते. साहित्यकृतीसाठी तिचे शुल्क ५०० रुपये आहे.

पेटंटचे गणित वेगळे आहे. तेथे प्रथम अर्ज करणाऱ्यास अग्रक्रम मिळतो. शोधाची कालमुद्रा किंवा नोटरीचे प्रतिज्ञापत्र पेटंट कार्यालयातील अर्जाची जागा घेऊ शकत नाही. शोध अपुरा असल्यास तात्पुरते विवरणपत्र दाखल करून बारा महिन्यांत पूर्ण विवरणपत्र देण्याची सोय आहे. अर्जापूर्वी शोध जाहीर केल्यास त्याचे नावीन्यच धोक्यात येते.

सामूहिक ज्ञानाबाबत तर गुप्त कालमुद्रा जवळजवळ निरुपयोगी आहे. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ मध्ये ते रद्द झाले. हे यश जुन्या ग्रंथांच्या व १९५३ मधील एका भारतीय वैद्यकीय लेखाच्या आधारे मिळाले. ते सर्व लेखन प्रसिद्ध झालेले होते, म्हणूनच कामी आले. हा हॅश कोणी तिजोरीत ठेवला असता, तर त्याचा उपयोग झाला नसता.

शासनव्यवहारातील प्रयोग

महाराष्ट्रात या तंत्राचा वापर प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी झाला आहे. राज्य कौशल्य विकास मंडळाने २०२१ मध्ये पदविका प्रमाणपत्रांसाठी इथेरियम साखळीचा अवलंब केला. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांसाठी पॉलिगॉन साखळी वापरण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. येथे ‘कोणाचे’ हा प्रश्न सक्षम अधिकाऱ्याने आधीच सोडविलेला असतो. साखळीकडे उरते ते कागद अबाधित राखण्याचे काम. म्हणूनच तिचा उपयोग या क्षेत्रात सरळ होतो. साखळीवरील मजकूर पुसता येत नाही, हे लक्षात घेऊन व्यक्तींची माहिती तिच्यावर कधीही उघड ठेवू नये. केवळ हॅश ठेवावा.

व्यवहारात काय करावे?

वरील विवेचनावरून असे दिसून येईल, की ही दोन साधने परस्परांची उणीव भरून काढतात. त्यांचा मेळ घालण्याची एक साधी रीत पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१. निर्मिती पूर्ण झाली की तिची अंतिम फाइल वेगळी काढावी, ती पुन्हा उघडून जतन करू नये, आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. कच्चे खर्डे, वहीतील टिपणे व पत्रव्यवहारही राखावा. ‘कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांतूनच मिळते.

२. फाइलचा हॅश काढून तो प्रतिज्ञापत्रात अक्षरशः लिहावा व नोटरीसमोर स्वाक्षरी करावी. हॅशमुळे मजकूर बांधला जातो आणि शिक्क्यामुळे माणूस व दिवस. पाने बदलण्याचा आक्षेप यामुळे उरत नाही.

३. तोच हॅश सार्वजनिक साखळीवर नोंदवावा. ‘ओपनटाइमस्टॅम्प्स’सारखी विनामूल्य साधने यासाठी उपलब्ध आहेत. मिळालेली पावतीची फाइल मूळ फाइलसोबत जपावी.

४. यानंतर ज्या कायद्याखाली हक्क मिळतो, त्या कार्यालयात अर्ज करावा. पेटंटच्या बाबतीत हे पाऊल सर्वांत आधी टाकावे.

५. गावाच्या सामूहिक ज्ञानासाठी ‘जैविक विविधता अधिनियम, २००२’ अन्वये स्थापन झालेल्या स्थानिक समितीची लोकजैवविविधता नोंदवही हे योग्य स्थान होय. मेळघाटातील वनौषधी किंवा कोरकू बोलीतील गाणी टिपणाऱ्या शिक्षकाने सांगणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक, त्याची संमती घेऊन, प्रत्येक नोंदीसोबत लिहावे. संग्राहकाचा हक्क संग्रहाच्या मांडणीपुरता असतो. गाणे ज्या समाजाचे, त्याचेच राहते.

चम्मकच्या दानपत्रात एक हजार दानग्राहींपैकी केवळ ४९ जणांची नावे आली आहेत. ज्यांची नावे कोरली गेली, ते आज आपल्याला ठाऊक आहेत. उरलेल्या साडेनऊशे जणांचा मागमूस नाही. आपल्या गावातील कल्पक शेतकरी, कारागीर व शिक्षक या दुसऱ्या गटात जाऊ नयेत, एवढी दक्षता ग्रामपंचायती आणि शाळा यांना आज अल्प खर्चात घेता येण्यासारखी आहे.